तिनं तीनदा सांगितलं होतं

माझ्या हृदयात दोन स्टेंट आहेत आणि मी धडधाकट आहे. माझी बायको मंदा गेली. आजार दोघांनाही एकच झाला, एकाच घरात, तीन वर्षांच्या अंतरानं. मी वाचलो, कारण तेव्हा माझ्याजवळ ती होती. ती गेली, कारण तिच्याजवळ मी होतो.

एवढं लिहायला मला वर्ष लागलं. मी बोलका माणूस नाही. घरी आलेल्याला चहा विचारायचं कामसुद्धा मंदाच करायची, मी नुसती मान हलवायचो. पण ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, म्हणून ती मलाच सांगावी लागणार. ज्यांच्या घरात बायको आहे, आई आहे, बहीण आहे, त्यांच्यासाठी लिहितो आहे. डॉक्टरकीचं मला काही कळत नाही. मला फक्त मी काय केलं ते माहीत आहे.

*

आधी माझं सांगतो, कारण चूक तिथूनच सुरू झाली.

आमचं घर सक्करदऱ्याला. धंदा मिरचीचा, मूळ गाव भिवापूरकडचं. घरामागे पत्र्याची मोठी शेड आहे. हंगामात तिथं पंधरा-वीस बाया ओळीनं बसून मिरचीचे देठ तोडतात. या जागेला आमच्याकडे सातरा म्हणतात. एका सकाळी सातऱ्यावर पोती मोजताना माझ्या छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड झाला. मी छाती धरून खाली बसलो. अगदी पडद्यावर दाखवतात तसं.

मंदा पीठ मळत होती. हाताचं पीठ न धुता ती धावत आली. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि शेजारच्या घराकडे ओरडली, "गाडी काढा जी, लवकर! यायले अटॅक आला!" दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कधी सुरू झालं? मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "नऊ वाजून दहा मिनिटांनी. मी घड्याळ पाहून ठेवलं."

डॉक्टर नंतर मला म्हणाले, बाईंमुळे तुमचं हृदय वाचलं. मी मान हलवली.

त्यानंतर वर्षभर मी घरातला पेशंट होतो. भिवापूरहून, रामटेकहून पाहुणे येत, माझी फाईल पाहत, माझ्या पायाशी बसत. मंदानं सातरा हाती घेतला, माझ्या गोळ्यांचा डबा हाती घेतला, माझं आळणी वरण वेगळं शिजवलं. आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. हार्ट अटॅक कसा असतो ते मला माहीत आहे. मला येऊन गेला आहे.

*

मिरचीवाल्यांच्या घरातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हंगामात सातऱ्यावर बसणाऱ्या प्रत्येकीच्या छातीत आग होते. ठसका लागतो, डोळे वाहतात, घाम फुटतो, मळमळतं. याला आम्ही 'मिरची चढली' म्हणतो. यावर औषध ठरलेलं आहे, गुळाचा खडा आणि वाटीभर ताक. घरात नवी सून आली की पहिल्या हंगामात तिला मुद्दाम ढिगाजवळ बसवतात, आणि ती खोकलली की बाया हसतात, "सुनबाईले मिरची चढली वं!" तिनं ते हसण्यावारी न्यायचं आणि गूळ खाऊन परत बसायचं. मिरची चढली म्हणून डॉक्टरकडे जाणारं माणूस आमच्या तीन पिढ्यांत झालं नाही.

मंदाला लग्नानंतर पहिल्या वर्षीही मिरची चढली नव्हती. गिरजाबाई, आमच्याकडे सर्वांत जुनी कामकरीण, ती अजून सांगते, "आम्ही वाट पाहून पाहून थकलो, पण बाई काही खोकललीच नाही."

सव्वीस वर्षं जिला मिरची चढली नाही, तिला त्या फेब्रुवारीत चढली, असं मला वाटलं.

*

पहिल्यांदा तिनं मंगळवारी सकाळी सांगितलं. मी चहा घेत होतो, हातात मोबाईल. बाजारात आवक किती झाली ते पाहत होतो.

"आयकता का? पाठीत मधोमध दुखून राहिलं. जबडाही आखडल्यावानी झाला. दाढ म्हणावं तं दाढ नाही दुखत."

मी वर न पाहता म्हणालो, "दाढच असन. लवंग धर."

तिनं लवंग धरली. मला तो वास आठवतो.

दुसऱ्यांदा त्याच दिवशी चार-साडेचारला. गच्चीवरचे वाळलेले कपडे घेऊन ती खाली येत होती आणि जिन्यातच बसली. मांडीवर कपड्यांचा ढीग. कपाळावरून, मानेवरून घाम असा निथळत होता की मला आधी वाटलं, हिनं तोंड धुतलं. थंडीचे दिवस होते.

"मले दम लागून राहिला. उतरताना दम लागते का कुणाले? अन् ओकारीवानी होते."

"मिरची चढली तुले," मी म्हणालो. मला हसूही आलं. "सव्वीस वर्षांनी का होईना, चढली एकदाची. मास्क काहून नाही लावत?"

मी स्वतः आत गेलो, गुळाचा खडा आणि ताक आणून दिलं. लोकहो, मला तेव्हा आपण बायकोची काळजी घेतो आहोत असं वाटत होतं.

तासाभरानं पुण्याहून मुलीचा, प्रणिताचा फोन आला. मंदा सांगायला लागली, "अगं, आज जरा मले..." मी समोरून हातानं नाही-नाही केलं. हळूच म्हटलं, "तिले कायले सांगतं? तिकडं उगाच घोर लावून घेईन." मंदानं माझ्याकडे पाहिलं, आणि फोनवर म्हणाली, "काही नाही वं, थकली मी जरा. तू सांग, तुझं कसं चाललं?"

तिसऱ्यांदा बुधवारी सकाळी. ती मोरीजवळ भिंतीला टेकून उभी होती. रंग राखेसारखा झालेला. मंदा कधी स्वतःसाठी काही मागायची नाही. त्या दिवशी तिनं मागितलं.

"अहो, मले डॉक्टरकडे घेऊन चला. मिरची नाही ही. मिरची मले समजते."

बाहेर ट्रक भरून राहिला होता. ड्रायव्हर घाई करत होता, वजनाची चिठ्ठी व्हायची होती.

मी म्हणालो, "ट्रक उभा आहे. दुपारून जाऊ."

ती "बरं" म्हणाली.

*

दुपारी एकच्या सुमारास गिरजाबाईची हाक आली. मंदा घरात एकटी पडून राहण्यापेक्षा बायांत बसावं म्हणून सातऱ्यावर गेली होती. देठ तोडता तोडता बाजूला कलंडली, लाल मिरचीच्या ढिगावर. मी गेलो तेव्हा गिरजाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं तिच्या गालावरचं तिखट पुसत होती आणि माझ्याकडे पाहून ओरडत होती, "पाहता काय भाऊ, उचला ना!"

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं ईसीजीची पट्टी काढली, पाहिली आणि तिचा चेहरा बदलला. "काका, कधीपासून त्रास होतोय?"

"आताच," मी म्हणालो. "दुपारपासून. आधी काही बोललीच नाही."

मी खोटं का बोललो, ते अजून मला नीट सांगता येत नाही. भीती होती, लाज होती. तोंडातून ते निघून गेलं.

मंदाच्या नाकावर नळी होती. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे नाही, डॉक्टरीणबाईकडे पाहिलं.

"कालपासून होतं," ती म्हणाली. "काल सकाळपासून. मीच नाही सांगतलं यायले."

वेळ तिनं खरी सांगितली, माझ्या वेळेस सांगितली होती तशीच. आणि दोष स्वतःवर घेतला.

*

नंतर डॉक्टरीणबाईनं मला बाहेर बाकावर बसवून समजावलं. बायकांनाही छातीत दुखतं, पण पुष्कळदा छातीपेक्षा दुसरंच काही पुढे येतं. पाठ, जबडा, मान, दम, मळमळ, घाम, कारण नसताना आलेला थकवा. त्यात काकूंना शुगर होती, मग दुखणं आणखी दबून राहू शकतं. घरच्यांना वाटतं पित्त आहे, दाढ आहे, दगदग आहे. बायांनाही तेच वाटतं. त्यात तास जातात. "बंद झालेली नस आम्ही उघडली," ती म्हणाली, "पण इतक्या उशिरा, काका... हृदयाचा मोठा भाग आता काम करणार नाही."

मी असा ऐकत होतो जणू हे सगळं मला पहिल्यांदाच कळतंय. पाठ, जबडा, दम, मळमळ, घाम. घाम मी आदल्या दिवशी डोळ्यांनी पाहिला होता, बाकीचा एकेक शब्द माझ्या घरात, माझ्या बायकोच्या तोंडून ऐकला होता.

प्रणिता दुसऱ्या दिवशी आली. तिला मी तेच सांगितलं जे डॉक्टरांना सांगितलं होतं. "काही बोललीच नाही वं तुझी आई." एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातं. तिसऱ्यांदा तर ते खरंच वाटायला लागतं.

*

दवाखान्यातले अकरा दिवस. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, एकेकानं आत जायचं, गळ्यात पास अडकवून. बाकीचा वेळ बाकावर. तिथं मी एक गोष्ट पाहिली. आत पुरुष असला की बाहेर दहा माणसं असतात. आत बाई असली की एखादी लेक, एखादी बहीण, आणि नवरा फोनवर विचारतो, घरी स्वयंपाकाचं काय. मीही प्रणिता आली त्याच दिवशी तिला विचारलं होतं, दूध घेतलं का म्हणून.

चांगलंही घडलं, तेही सांगतो. एक नर्स रोज मंदाची वेणी घालून द्यायची, बोलत बोलत, लेकीसारखी. सातव्या दिवशी आळणी खिचडी आली तेव्हा मंदा पहिल्यांदा हसली. "मिरचीवाल्याच्या घरची बाई अन् पाहा काय खाऊन राहिली." गिरजाबाई सातऱ्यावरचं काम बुडवून आली, तिला आत सोडेनात, तर काचेतूनच हात हलवून ओरडली, "मालकीणबाई, लवकर या, तुमच्याबिगर या बाया मायं आयकत नाहीत!" सिक्युरिटीवाला रागावला. मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

*

घरी आल्यावर सात महिने. पलंग खिडकीशी लावला. दिवसाचं पाणी मोजून एका तांब्यात काढून ठेवायचं, त्याच्यावर थेंब नाही. सकाळी वजन. पायावर सूज आली का ते बोटानं दाबून पाहायचं. तीन उशा लावल्याशिवाय झोप नाही. न्हाणीघरापर्यंत जायचं तर मध्ये एक खुर्ची ठेवलेली. मी धंदा बाजूला ठेवला. वरण शिजवायला शिकलो. तिच्या पायांना तेल लावायला शिकलो. शेजारी म्हणायचे, नवरा असावा तर असा. मी मान हलवायचो.

मी रोज वाट पाहायचो की आज ती म्हणेल. एक शब्द. नुसता टोमणा. ट्रक गेला का, एवढं जरी म्हणाली असती. ती कधी म्हणाली नाही.

पोळ्याच्या आधीची एक दुपार. मी तिचे पाय चोळत होतो. न राहवून बोललो, "मंदा, तू सांगतलं होतं मले."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "मी होती ना तिथं."

मी तेलाची वाटी पुन्हा जवळ ओढली. मग ती म्हणाली, "प्रणिताले नोका सांगू. मी गेल्यावर तिले माहेर म्हणून तुम्हीच राहान. तिले बाप लागन."

मी हो म्हणालो. केवढं सोयीचं होतं ते, माझ्यासाठी!

सप्टेंबरात, दुपारचं जेवण झाल्यावर, तीन उशांवर टेकलेली असतानाच ती गेली. मी ताट ठेवायला स्वयंपाकघरात गेलो होतो.

*

तेरवीला माणसं भरून आली. माझी मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, सगळ्यांना सांगत होती, "सोसणारी होती बापा. एवढं झालं पण तोंडातून चकार शब्द काढला नाही." बाया माना डोलवत होत्या. सगळ्यांना ती कौतुकाची गोष्ट वाटत होती. मी सतरंजीवर बसून ऐकत होतो.

समोर प्रणिता बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा दिसलं नाही. दिवाळीत दिसलं.

घरात दिवे नव्हते, फराळ नव्हता. तीच आली होती, एकटी. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाबा, हा बघा त्या मंगळवारचा कॉल. चार मिनिटं. त्यातली तीन मिनिटं मी माझ्या ऑफिसचं सांगत होते. ती थकले म्हणाली आणि मी विचारलंसुद्धा नाही की का थकलीस. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं तिनं. मी रोज रात्रंदिवस हेच... आई मला सांगू शकत नव्हती, बाबा. इतकी मी लांब होते का तिच्यापासून?"

माझी मुलगी पंचवीस वर्षांची आहे. हातात फोन धरून ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडत होती, माझ्या पापासाठी.

मंदाला दिलेला शब्द मी मोडला. सगळं सांगितलं. लवंग, गूळ, ताक, ट्रक. फोनवर बोलताना मी केलेला हात. दवाखान्यातलं खोटं. सांगताना मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, देव्हाऱ्याखालच्या फरशीकडे पाहत होतो.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "किती वेळा सांगितलं तिनं?"

"तीनदा."

"काय शब्दांत?"

मी सांगितलं.

"परत सांगा. ती बोलली तसंच."

मी परत सांगितलं, मंदाच्या बोलीत, जसंच्या तसं. प्रणितानं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे बोलली होती आई." आणि आत जाऊन बॅग भरायला लागली. त्या दिवशी ती माझ्यासोबत जेवली नाही. नंतर दोन महिने फोन यायचा तो, "गोळ्या घेतल्या का?" एवढाच. मी "हो" म्हणायचो. ती ठेवून द्यायची.

तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क नाही माझा.

*

यंदा जानेवारीत सातरा सुरू झाला त्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि प्रणिता उतरली. मला काही न बोलता मागे शेडमध्ये गेली आणि आईच्या जागेवर, बायांच्या ओळीत, जमिनीवर बसली. आईचंच जुनं लुगडं फाडून केलेला फडका तोंडाला बांधला होता. कामावर नवीन लागलेली एक मुलगी ठसकली तशा बाया ओरडल्या, "चढली वं चढली!" गूळ पुढे आला.

प्रणिता म्हणाली, "थांबा. आधी तिला विचारा, कुठे दुखतंय."

बाया हसायच्या थांबल्या. त्या पोरीला नुसताच ठसका होता, दुसरं काही नव्हतं. तिनं तसं सांगितलं. मग प्रणितानं बायांना पाठ, जबडा, दम, घाम सगळं सांगितलं, दोन दोनदा. असं काही झालं तर गूळ नाही, ताक नाही, लवंग नाही, सरळ दवाखाना, आणि पट्टी काढा म्हणायचं. एकजण म्हणाली, "पण ताई, आमाले सांगाचं कसं कळन? मालकीणबाई एवढी हुशार, तिलेच नाही बोलता आलं."

प्रणितानं दाराकडे पाहिलं. मी तिथं उभा होतो.

"बाबा, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "ऐकणारे तुम्हीच होते."

पंधरा-वीस बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. यातल्या निम्म्या मला माझ्या लग्नापासून ओळखतात. मी उंबऱ्याच्या आत आलो, त्यांच्यासमोर खाली बसलो. आणि जे मुलीला सांगितलं होतं तेच सांगितलं. मंदा पहिल्यांदा काय म्हणाली. दुसऱ्यांदा काय म्हणाली. तिसऱ्यांदा मोरीजवळ भिंतीला टेकून काय म्हणाली: अहो, मले डॉक्टरकडे घेऊन चला. मिरची नाही ही. मिरची मले समजते.

गिरजाबाईच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"म्हंजे बोलली होती बाई," ती म्हणाली. मग मला विचारलं, "अन् तुम्ही काय म्हटलं, भाऊ?"

"मी म्हटलं, ट्रक उभा आहे."